कष्टाच्या तीन पिढ्या : जबल अलीच्या धक्क्यावरून दिसणारे चित्र

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली गेली. नवल असे की, ज्या कुळवाड्याच्या तोंडी ती सदैव असे, त्याच्याच मुलाने कनिष्ठ म्हणून हिणविलेल्या नोकरीसाठी गाव सोडले, आणि त्या मुलाच्या मुलाने तीच नोकरी, विशेषतः ती सरकारी असेल तर, उत्तमाहून उत्तम मानली. म्हण जिभेवर तशीच राहिली; जीवनात मात्र तिचा क्रम उलटला. समुद्र ओलांडून गेलेल्या घराण्यांत तर हा क्रम एकदाच उलटून थांबला नाही. प्रत्येक पिढीने तो नव्याने मांडला.

ह्या मांडणीबरोबर एक तक्रारही पिढीजात चालत आली आहे : ‘हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत.’ रत्नागिरीच्या पडवीत ही तक्रार ऐकू येते, पोर्ट लुईच्या बाजारात ऐकू येते आणि टोकियोच्या कचेऱ्यांतही ऐकू येते. ती करणारा वृद्ध खोटे बोलतो असे नाही. त्याने कष्ट केलेलेच असतात. परंतु त्याच्या नातवाची कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती केवळ आळसामुळे, की ज्या अटींवर काम मिळते त्या अटीच बदलल्यामुळे, हा प्रश्न मात्र तो सहसा विचारीत नाही. गिरमिटाच्या करारावर अंगठा उठविलेल्या पूर्वजांच्या वंशजांना हा प्रश्न परका वाटू नये. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आजच्या जगात जबल अलीसारखे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल.

वाळूत कोरलेले बंदर

दुबई शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ३५ किलोमीटरांवर जबल अली आहे. अरबी भाषेत ‘जबल’ म्हणजे डोंगर. नावात डोंगर असला तरी पाहणाऱ्याच्या नजरेत भरतात ते उंच याऱ्यांचे सुळके आणि एकावर एक रचलेल्या लोखंडी पेट्यांचे कडे. निसर्गाने येथे बंदर दिलेले नव्हते. दुबईच्या समुद्रात १९६६ साली तेल सापडले, १९६९ पासून ते परदेशी जाऊ लागले, आणि १९७३ साली तेलाचे भाव एकाएकी भडकल्यावर आखातात द्रव्याचा ओघ सुरू झाला. शहरालगतचे रशीद बंदर १९७२ मध्येच चालू झाले होते. तरीही शेख रशीद बिन सईद अल मकतूम ह्यांनी त्याहून कितीतरी मोठे बंदर ओसाड किनाऱ्यावर खोदण्याचे ठरविले. ‘एवढी जहाजे येणार कोठून?’ असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. १९७६ साली खोदकामास आरंभ झाला आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ ह्यांच्या हस्ते बंदराचे उद्‌घाटन झाले. ६७ धक्क्यांचे हे बंदर मानवनिर्मित बंदरांत जगात सर्वांत मोठे गणले जाते.

त्याच सुमारास शेजारी ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १९८५ साली मुक्त व्यापार क्षेत्र स्थापन झाले. तेथे परदेशी व्यापाऱ्याला स्थानिक भागीदाराशिवाय, संपूर्ण स्वतःच्या मालकीचा उद्योग काढण्याची मुभा मिळाली. सोनी, निस्सान ह्यांसारख्या जपानी कंपन्यांनीही तेथे आपली ठाणी उघडली. ‘जहाजे येणार कोठून?’ ह्या प्रश्नाचे उत्तर २०१५ साली पुरते मिळाले. त्या एका वर्षात, वीस फुटी पेटीच्या मापाने मोजता, सुमारे १ कोटी ५६ लक्ष पेट्या ह्या बंदरातून हाताळल्या गेल्या.

जबल अलीचे वैशिष्ट्य एवढ्यावर संपत नाही. ज्या धक्क्यावर पहिल्या पिढीने घमेली उचलली, त्याच्याच गोदामांत दुसऱ्या पिढीने हिशेबाच्या वह्या व संगणक सांभाळले. आणि आता तिसऱ्या टर्मिनलवर यारी चालविणारा माणूस यारीवर चढतही नाही. तो थंड हवेच्या दालनात पडद्यासमोर बसून दुरूनच ती हलवितो. पन्नास वर्षांच्या आत एकाच किनाऱ्यावर कामाने तीन रूपे घेतली. अन्यत्र त्यांना शतक लागले असते.

पहिली पिढी : विकलेली वर्षे

आखातात गेलेल्या महाराष्ट्रीयांत कोकणाचा वाटा मोठा आहे, आणि त्याची पूर्वपीठिका मुंबईत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या, तेव्हापासून रत्नागिरीचा तरुण गिरणीत आणि गोदीत भरती होत आला. बायकामुले गावी, पुरुष चाळीत वा खानावळीत आणि दोहोंमध्ये महिन्याची मनीऑर्डर, अशी संसाराची एक रीतच बनून गेली. शेत सांभाळले ते बहुतांशी बायकांनी. परंतु कामकरी म्हणून नाव लागले ते पुरुषाचेच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि असंख्य कामगारांना आपला साचा पुन्हा कधी दिसला नाही. ज्या कुटुंबाने दोन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजले, त्यातील तिसऱ्या पिढीला भोंग्यावरचा विश्वास ठेवावयास कारण उरले नाही. नेमक्या त्याच काळात आखात माणसे मागत होते.

अशा रीतीने जे तरुण सुतार, वेल्डर, फिटर, चालक किंवा निव्वळ बिगारी म्हणून गेले, त्यांच्या दृष्टीने काम ही काही आवडीनिवडीची बाब नव्हती. ‘तुला हे काम आवडते का?’ असे कोणी विचारले असते तर त्यांना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला असता. दोन वर्षांचा करार म्हणजे आयुष्यातील दोन वर्षे विकणे. त्या मोबदल्यात बहिणीचे लग्न, गहाण पडलेली जमीन सोडविणे, कुडाच्या जागी चिऱ्याच्या भिंती. करार संपला की ‘आणखी दोनच वर्षे’ असे म्हणावयाचे, आणि तसे म्हणता म्हणता केस पांढरे व्हावयाचे. काम हे त्यांच्यासाठी ओझे होते, पण ते लाजिरवाणे नव्हते; कारण त्या ओझ्याखाली घर उभे राहत होते.

गिरमिटाशी ह्या कराराचे नाते आहे काय? कायद्याच्या इतिहासात तरी ते स्पष्ट दिसते. गिरमिटाची भरती १९१७ साली हिंदुस्थानात बंद झाली आणि तिच्या अनुभवातून १९२२ चा परदेशगमनाचा कायदा झाला. आखाताकडे मजुरांची रीघ लागल्यावर ह्याच कायद्याची जागा १९८३ च्या कायद्याने घेतली. भरती करणाऱ्या दलालांवर नोंदणीचे बंधन आले आणि कमी शिकलेल्या मजुराला परदेशी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आवश्यक ठरली. म्हणजे कुली घाटावरील अनुभवाची सावली मुंबईच्या विमानतळापर्यंत लांबली होती.

तथापि दोन्ही गोष्टी एकच मानणे हा अन्याय होईल. गिरमिटिया काम सोडून गेला तर तो गुन्हेगार ठरे आणि तुरुंगात जाई; आखातातील मजूर दरवर्षी नाही तरी दोन-तीन वर्षांनी घरी येई आणि हातात पैसा घेऊन येई. उलट, आखातातील मजुराचे वास्तव्य त्याच्या प्रायोजक मालकाशी जखडलेले असे. कायद्याने निषिद्ध असूनही पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिल्याच्या आणि पगार थकल्याच्या तक्रारी वारंवार होत. पुढे सुधारणाही झाल्या. २००५ पासून उन्हाळ्यातील भर दुपारी उघड्यावर काम घेण्यास बंदी आली, २००९ पासून पगार बँकेमार्फत देऊन त्यावर सरकारी देखरेख ठेवण्याची पद्धत सुरू झाली, आणि नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. अटी बदलू शकतात, हे ह्यावरून दिसते; आणि अटी बदलल्या की कामाकडे पाहणारी नजरही बदलते.

उसाच्या मळ्यातील धडा

ह्या विधानाची सत्यता मॉरिशसच्या इतिहासात ठळकपणे आढळते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लक्षांहून अधिक माणसे ह्याच वाटेने आली. त्यांत मुंबई बंदरातून आलेले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मळ्याबाहेर पडावयाचे तर परवाना लागे. माणसाला नावाआधी क्रमांक मिळे.

असे काम कोणाला प्रिय होणार? गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी उसाचा मळा सोडला, कारण तेथील प्रत्येक खोड त्यांना साखळीची आठवण देत होते. गिरमिटियाही करार संपल्यावर मळ्यापासून दूर होऊ पाहत असे. परंतु १८८० च्या सुमारास मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकावयास आरंभ केला, आणि ज्यांनी पैसा पैसा जोडला होता त्यांनी ते तुकडे घेतले. तोच ऊस, तेच ऊन, तोच कोयता. परंतु मालकाच्या उसावर रेंगाळणारा हात स्वतःच्या उसावर अंधार पडेपर्यंत थकला नाही. काम बदलले नव्हते, कामाचे स्वामित्व बदलले होते. ‘हिंदी मजूर आळशी आहे’ अशी कुरकुर करणाऱ्या मळेवाल्यांना ह्याहून सडेतोड उत्तर कोणते देता आले असते?

दुसऱ्या पिढीने जमिनीबरोबर अक्षरांचीही लागवड केली. १९४८ च्या निवडणुकीत मतदानासाठी कोणत्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येण्याची अट होती. तेव्हा दिवसभर कोयता चालविलेली बोटे संध्याकाळी बैठकांतून पाटीवर अक्षरे गिरवू लागली. त्यांच्या मुलांना शिक्षक, कारकून, पोलीस व्हावेसे वाटले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, १९७० साली निर्यातीच्या कारखान्यांसाठी खास कायदा झाला, आणि पुढील दोन दशकांत कापडाच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया कामावर जाऊ लागल्या. आजीने मळ्यात कष्ट केले होते, परंतु तिची मजुरी घरच्या हिशेबात विरून जाई. नातीच्या हाती प्रथमच स्वतःच्या नावाचे पगाराचे पाकीट आले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले आणि तिसऱ्या पिढीला वकील, डॉक्टर, हिशेबनीस होण्याचे मार्ग मोकळे झाले. प्रत्येक आईबापाने मुलाला एकच वाक्य ऐकविले : ‘शीक, नाहीतर ऊस तोडावा लागेल.’

ह्या वाक्याने पिढ्या तारल्या ह्यात शंका नाही. परंतु त्यातच एक विषाचा थेंबही होता. ऊस तोडणे ही शिक्षा आहे, असे मुलाला शिकविताना, ऊस तोडणारा शिक्षेस पात्र आहे, असेही नकळत शिकविले गेले. आजोबांचा अभिमान बाळगावयाचा आणि आजोबांच्या कामाची लाज बाळगावयाची, असा विसंगत वारसा मुलांच्या पदरी पडला.

जपानचे उदाहरण

येथे जपानचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. कारण उद्योगीपणाच्या बाबतीत जपानी माणूस जगभर आदर्श मानला गेला आहे. पाठीवर सरपणाची मोळी घेऊन चालता चालता पुस्तक वाचणारा बाल निनोमिया किंजिरो तेथील कितीतरी शाळांच्या आवारात पुतळ्याच्या रूपाने उभा असे. जपानी लोकांनाही कराराची मजुरी अपरिचित नव्हती. फेब्रुवारी १८८५ मध्ये नऊशेहून अधिक जपानी स्त्रीपुरुष व मुले हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांसाठी होनोलुलूला उतरली. त्यांचा करार तीन वर्षांचा होता, आणि मळ्यातील त्यांची ओळख गळ्यात अडकविलेल्या धातूच्या बिल्ल्यावरील क्रमांकाने होई. त्या समाजाने आपल्या पिढ्यांना ‘इस्सेई’, ‘निसेई’, ‘सान्सेई’, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी, अशी नावेच देऊन टाकली. मॉरिशसप्रमाणेच तेथेही आजोबा मळ्यात होते आणि नातू शाळेत व कचेरीत गेले.

खुद्द जपानात महायुद्धानंतरच्या पिढीने उद्ध्वस्त देश पुन्हा उभारला. मोठ्या कंपन्यांत एक अलिखित करार असे : तरुणाने शाळा-महाविद्यालयातून थेट कंपनीत यावे, तिला सर्वस्व द्यावे, कंपनीने त्याला निवृत्तीपर्यंत काढू नये आणि वयागणिक पगार वाढवावा. १९६० साली पंतप्रधान इकेदा ह्यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना मांडली, आणि ते उद्दिष्ट मुदतीपूर्वीच साधले. त्या पिढीचा माणूस रात्री उशिरा घरी जाई, रविवारीही कंपनीचाच विचार करी, आणि त्यात त्याला धन्यता वाटे. कारण उद्याची हमी त्याच्या खिशात होती.

१९७३ च्या तेलसंकटाने ह्या वेगवान वाढीला खीळ घातली. ज्या भाववाढीने जपानची घोडदौड मंदावली, तिनेच जबल अलीच्या खोदकामाला द्रव्य पुरविले, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. एका किनाऱ्यावर विश्वासाचा जुना करार सैल होऊ लागला, आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नव्या कराराचे कागद छापले जाऊ लागले.

१९८० नंतरच्या दशकात वाढलेल्या जपानी तरुणांना वडीलधाऱ्यांनी ‘शिंजिनरुई’, म्हणजे ‘नव्या जातीची माणसे’, असे काहीशा उपहासाने म्हटले. कारण त्यांना सुट्टी हवी होती, छंद हवे होते. त्याच सुमारास अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ हे नाव सर्वत्र परिचित झाले. १९९१ च्या सुमारास तेजीचा फुगा फुटला, आणि १९९३ नंतर सुमारे दहा-बारा वर्षे महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणांना कायम नोकरी मिळणे दुरापास्त झाले. त्या पिढीला ‘नोकरीच्या हिमयुगातील पिढी’ म्हणतात. कंपनीने हमी काढून घेतली, तेव्हा तरुणांनीही निष्ठा काढून घेतली. अतिश्रमाचे मृत्यू टाळण्यासाठी २०१४ साली कायदा करावा लागला, आणि एप्रिल २०१९ पासून जादा कामाच्या तासांवर, सामान्यतः महिन्याला ४५, अशी कायदेशीर मर्यादा मोठ्या कंपन्यांना लागू झाली. एकेकाळी ज्याला निष्ठा म्हटले गेले, त्याला मर्यादा घालणे राज्याचे कर्तव्य ठरले.

म्हणजे जपानी माणूस जन्मतः उद्योगी होता आणि पुढे जन्मतः आळशी झाला, असे काही घडले नाही. कामाने त्याला काय दिले, त्यावर त्याने कामाला काय द्यावयाचे ते ठरले.

जबल अलीची तिसरी पिढी

आता पुन्हा जबल अलीकडे वळू गेले तर चित्र अधिक स्पष्ट होते. पहिली पिढी एकटी आली व एकटी राहिली. तिच्यातील काही जण कुशल कारागिराचे पर्यवेक्षक, चालकाचे वाहतूक-व्यवस्थापक झाले. त्यांच्या मागून पदवीधर आले : अभियंते, हिशेबनीस, परिचारिका, गोदामे व जकातीचे जाणकार. ठराविक पगाराच्या वर गेलेल्यांना कुटुंब आणता आले. मुले भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांतून शिकली. आज विवाह करून आलेली मराठी स्त्री केवळ नवऱ्याच्या प्रवेशपत्रावर राहत नाही. ती शाळेत शिकविते, बँकेत वा जहाज-कंपनीच्या कचेरीत काम करते.

परंतु येथे मॉरिशसपेक्षा एक मूलभूत फरक आहे. मॉरिशसच्या गिरमिटियाच्या घामातून जमीन उगवली, मताधिकार उगवला, शेवटी राष्ट्र उगवले. जबल अलीच्या मराठी माणसाच्या घामातून मायदेशी घर उभे राहते, बँकेतील शिल्लक वाढते. पण राहण्याचा अधिकार नोकरीवर टांगलेला असतो. २००२ पासून ठराविक भागांत परदेशी माणसाला घर विकत घेता येऊ लागले, २०१९ पासून दहा वर्षांचे ‘सुवर्ण’ प्रवेशपत्र काही थोड्यांना मिळू लागले. तरी नागरिकत्व हा अपवादच राहिला. तेथे जन्मलेल्या मुलाने ठराविक वय ओलांडले की त्याला स्वतःच्या नावाने नोकरी वा शिक्षण दाखवावे लागते. नाहीतर ज्या गावात तो वाढला, तेथे तो परका ठरतो.

त्यामुळे ह्या तिसऱ्या पिढीची कामाकडे पाहण्याची दृष्टी चमत्कारिक झाली आहे. तिला आजोबांप्रमाणे काम म्हणजे विकलेली वर्षे असे वाटत नाही, कारण ती परत जाण्यासाठी आलेलीच नाही. तिला जपानच्या युद्धोत्तर पिढीसारखी कंपनीशी आयुष्याची गाठही बांधता येत नाही, कारण करार मुदतीचा असतो. ती कामात स्वतःची आवड शोधते, कसब वाढविते, एका कंपनीतून दुसरीत जाते, आणि कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा विचार मनात ठेवते. वडिलांना हे चंचलपण वाटते. वस्तुतः ज्याच्या पायाखालची जमीन भाड्याची आहे, त्याने आपले सामान हलके ठेवले तर त्याला दोष कसा द्यावा?

मात्र एका गोष्टीत तिची कसोटी लागते. पहाटे जबल अलीच्या औद्योगिक भागातील मजुरांच्या वसाहतींतून बसगाड्या निघतात. त्यांत निळ्या वा नारिंगी पोषाखातील बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगण, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान येथील माणसे असतात. त्याच रस्त्याने शाळेची बसही जाते. शाळेच्या बसमधील मुलाचा आजोबा चाळीस वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या बसमध्ये बसला असेल. पण ही गोष्ट घरात सांगितली जाते काय? पुष्कळ घरांत आजोबा ‘दुबईला होते’ एवढेच सांगतात. ते काय करीत होते हे सांगितले जात नाही.

पाहुणा आता दारी आला आहे

ही केवळ जबल अलीची गोष्ट नाही. ज्या मॉरिशसमध्ये गिरमिटिये उतरले, तेथील कापड कारखाने, बेकऱ्या आणि बांधकामे आज बांगलादेश, नेपाळ, भारत आणि मादागास्कर येथून कराराने आणलेल्या मजुरांवर मोठ्या प्रमाणात चालतात. स्थानिक तरुणांना ती कामे नकोत. जपाननेही १९९३ पासून ‘प्रशिक्षणार्थी’ ह्या नावाखाली आशियाई देशांतून तरुण आणले, आणि एप्रिल २०१९ पासून उघडपणे परदेशी कामगारांसाठी दार उघडले. ज्या देशाने आपली माणसे हवाईच्या मळ्यांत धाडली, त्याच देशाच्या कारखान्यांत व शेतांत आता दुसऱ्यांची मुले येतात. पिढ्यांचे चक्र पूर्ण फिरले : ज्याचा आजोबा करारावर आला, त्याच्याच दारी आता दुसरा करारावर येतो.

शिकलेल्या नातवाने पुन्हा ऊस तोडावा किंवा घमेली उचलावी, असे कोणी म्हणणार नाही. पूर्वजांनी कष्ट केले ते त्यासाठी नव्हे. मुद्दा निराळा आहे. आपल्या कुळात ज्या कामाने अन्न मिळविले, ते काम आज दुसरा करीत असताना नातू त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? त्याचा पगार वेळेवर मिळतो की नाही, त्याची झोपण्याची खोली माणसांसारखी आहे की नाही, त्याला नावाने हाक मारली जाते की क्रमांकाने, ह्याची त्याला चाड आहे काय? कारखानदार, पर्यवेक्षक, घरमालक वा केवळ शेजारी म्हणून ह्या प्रश्नांची उत्तरे आज गिरमिटियांच्या वंशजांनाच द्यावयाची आहेत. मळ्यावरील सरदार हा पुष्कळदा पूर्वी आलेला मजूरच असे, आणि नव्या मजुरावर त्याचाच आवाज सर्वांत चढा असे, ही कटू आठवण येथे विसरून चालणार नाही.

शिक्षणाने हातांची मुक्तता केली, हे खरे. परंतु हातांचा अपमान करण्याची परवानगी शिक्षणाने दिलेली नाही. ‘शीक, नाहीतर ऊस तोडावा लागेल’ ह्या वाक्याच्या जागी घरोघरी दुसरे वाक्य यावयास हवे : ‘शीक, कारण तुझ्या पणजोबांनी ऊस तोडला.’ पहिल्या वाक्यात भीती आहे, दुसऱ्यात ऋण आहे. भीतीने शिकलेला मुलगा कष्टकऱ्यापासून दूर पळतो. ऋण ओळखून शिकलेला त्याच्या जवळ जातो.

५ ऑक्टोबर २०२२ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, जबल अलीतील नवे हिंदू मंदिर भाविकांना खुले झाले. त्याच परिसरात गुरुद्वारा आणि ख्रिस्ती देवळेही आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मराठी घरांत शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा होते. शेतकरी नांगर-कोयता धुऊन ठेवतो, सुतार रंधा ठेवतो, गिरणी कामगार साच्याला हार घालीत असे. आजच्या घरात पाटावर संगणक ठेवला जातो, आणि त्यात गैर काही नाही. तेही अवजारच आहे. परंतु त्याच्या शेजारी आजोबांचे फावडे, करणी, कोयता किंवा त्यांच्या कराराचा पिवळा पडलेला कागद ठेवला, आणि त्याची हकीगत मुलांना न लाजता सांगितली, तर ती पूजा अधिक अर्थपूर्ण होईल. मग सकाळी त्या दोन बसगाड्या एकमेकींजवळून जातील तेव्हा शाळेच्या बसमधील मूल खिडकीतून पलीकडे पाहील, आणि पलीकडच्या माणसात त्याला परका मजूर दिसणार नाही. आपल्या घराण्याचा आरंभ दिसेल.